सिलॅबसबाहेरचे सर

केमिस्ट्रीच्या सरांच्या तीन पोटजाती असतात: ऑरगॅनिकचे, इनऑरगॅनिकचे आणि फिजिकलचे. ऑरगॅनिकचे सर कडक इस्त्रीतले असतात आणि बेंझिनचा षटकोन एका फटक्यात काढतात. इनऑरगॅनिकच्या सरांचं पाठांतर दांडगं. आवर्त सारणी त्यांच्याकडून उभी, आडवी आणि तिरपी ऐकून घ्यावी. फिजिकलचे सर मात्र कायम जरा वैतागलेले. विषय निम्मा गणिताचा, समोरचं लेकरू डॉक्टर व्हायला आलेलं, आणि त्या लेकराने दहावी होताच गणिताला लांबूनच नमस्कार केलेला. वैताग येणारच.

असे सर नांदेडला आहेत, कोल्हापूरला आहेत, पुण्यात तर गल्लीला दोन सापडतील. मी आपला माझ्या भिंतीपलीकडचा नमुना सांगतो. लातूर पॅटर्नने बोर्डाच्या गुणवत्ता याद्या गाजवल्या तेव्हा हे सर बाकावर बसून शिकत होते. आता ‘नीट’च्या जमान्यात फळ्यापुढे उभे राहून शिकवतात. खाली क्लास, वर बिऱ्हाड, आणि सामाईक भिंतीच्या अलीकडे मी. मी बँकेतून रिटायर झालेला, शिक्षण कॉमर्सचं. पण दरवर्षी पावसाळा लागला की तिकडे अणुरचना लागते आणि इकडे मला ती न मागता शिकवली जाते.

अणुरचनेत चार क्वांटम नंबर असतात. अणूमधल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनचा पत्ता म्हणजे हे चार आकडे. एन म्हणजे कवच: एक, दोन, तीन असं चढत जायचं. एल म्हणजे उपकवच: शून्यापासून सुरू, पण एनपेक्षा एकाने तरी कमीच. एम हा उणे एलपासून अधिक एलपर्यंत काहीही, पण पूर्णांक. आणि चौथा स्पिन: अधिक अर्धा नाही तर उणे अर्धा, तिसरा पर्याय नाही. हे मला भिंतीने शिकवलं. भिंतीची शिकवण्याची पद्धत पाठांतराची असली तरी पक्की आहे.

सर खणखणीत आवाजात एक पत्ता वाचतात. “एन दोन, एल दोन, एम शून्य, स्पिन अधिक अर्धा!”

आणि सव्वाशे लेकरं एका सुरात ओरडतात, “बोगस!”

कारण एन दोन असताना एल दोन होऊच शकत नाही. “एन तीन, एल एक, एम उणे दोन!” “बोगस!” कारण एम एलच्या बाहेर गेला. “एन चार, एल तीन, एम उणे तीन, स्पिन उणे अर्धा!” इथे क्षणभर शांतता. कोपऱ्यातलं एखादं लेकरू हळूच “बोगस” म्हणतं आणि सगळा वर्ग त्याच्यावर हसतो, कारण हा पत्ता अस्सल असतो, ४-एफमधला. ही आरोळी रस्त्यावर चांगली लांबपर्यंत जाते. निवडणुका चालू असताना एका उमेदवाराची दोन माणसं मोटारसायकल लावून आत डोकावून गेली होती, बोगस नेमकं कोणाला म्हणायलेत ते बघायला. सरांनी त्यांना फळा दाखवला. ती माणसं निमूट निघून गेली; मला वाटतं त्यांना तो कोणाचा तरी बूथ वाटला असावा.

मग येतो पाउलीचा नियम. एका अणूत कोणत्याही दोन इलेक्ट्रॉनांचे चारही आकडे सारखे असता कामा नयेत. तीन जुळले तर चौथा वेगळा हवाच. त्यामुळे एका ऑर्बिटलमध्ये फार तर दोन इलेक्ट्रॉन, एकाचा स्पिन वर, दुसऱ्याचा खाली. पहिल्या कवचात दोन, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात अठरा, चौथ्यात बत्तीस. हा नियम नसता तर सगळे इलेक्ट्रॉन सगळ्यांत खालच्या १-एसमध्ये जाऊन पडले असते, सोडियम आणि क्लोरीन यांच्यात सांगण्यासारखा फरक उरला नसता, मीठ झालं नसतं, केमिस्ट्री झाली नसती, आणि मला दुपारची झोप मिळाली असती.

“एन चार, स्पिन अधिक अर्धा. जास्तीत जास्त किती इलेक्ट्रॉन?”

“सोळा!”

“का?”

“बत्तीसच्या निम्मे!”

“चार मार्क! चुकलात तर उणे एक! पुढं!”

क्लासमधले सर हे असे. ट्रिक, उदाहरण, चार मार्क, पुढं. एन अधिक एलची बेरीज ज्याची कमी ते आधी भरायचं. ४-एसची बेरीज चार, ३-डीची पाच, म्हणून पोटॅशियमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन ३-डी सोडून ४-एसमध्ये जातो. फळ्यावर तिरपे बाण, वरून खाली. लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन गमावतो तेव्हा मात्र ३-डीमधले सहाच्या सहा जागेवर राहतात आणि ४-एसमधले दोघे जातात. “आधी आला, आधी गेला. असा पाहुणा देव सगळ्यांना देवो. पुढं!” क्रोमियमच्या ३-डीत चारऐवजी पाच, कारण अर्धं भरलेलं उपकवच स्थिर. तांब्यात नऊऐवजी दहा, कारण पूर्ण भरलेलं त्याहून स्थिर. “हे दोन अपवाद पाठ. पुढं!”

एकदा पुढं गेलं नाही. गंगाखेडकडची एक मुलगी उठली. आवाज बारीक, पण भिंतीतून आला. “सर, क्रोमियममध्ये पाच. त्याच्या खालच्या मॉलिब्डेनममध्ये पण पाच. मग त्याच्या खाली टंगस्टनमध्ये चारच का हो? तिथं स्थिर व्हायला नको का?”

पलीकडे एवढी शांतता पसरली की पंख्याची खरखर ऐकू आली.

“सिलॅबसमध्ये नाही,” सर म्हणाले. “पुढं.”

त्या दिवशी संध्याकाळी सरांनी मला कोपऱ्यावरच्या चहाच्या गाडीवर गाठलं आणि टंगस्टन सांगितलं. मी विचारलं नव्हतं. क्रोमियमची ‘अर्धं भरलं म्हणून स्थिर’ ही गोष्ट पोरांना सांगायला बरी, पण ती अर्धीच गोष्ट आहे. नायोबियम बघा, ४-डीत चार आणि ५-एसमध्ये एकच. अर्धंही नाही, पूर्णही नाही. पॅलेडियमने तर ५-एस रिकामंच ठेवलंय. वरची एस पातळी आणि आतली डी पातळी इतक्या जवळजवळ असतात की इलेक्ट्रॉनांच्या आपसांतल्या ढकलाढकलीने पारडं इकडचं तिकडे होतं. टंगस्टनची भानगड आणखी वेगळी. केंद्रकात चौऱ्याहत्तर प्रोटॉन, त्यांच्या ओढीने आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या हिशेबात मोजावे लागतील इतके जोरात, म्हणजे आइन्स्टाइनची सापेक्षता आली. ६-एस आत ओढलं जातं, जास्त घट्ट होतं, आणि तिथले दोघे जागचे हलत नाहीत. नियम मोडणारी अशी मूलद्रव्यं वीसच्या आसपास आहेत. सर ती बोटांवर मोजत होते आणि चहावर साय धरली होती.

“मग हे त्या मुलीला का नाही सांगितलं?”

“बारा मिनिटं लागली असती,” सर म्हणाले. “बारा मिनिटांत सहा प्रश्न होतात. सहा चोक चोवीस मार्क. तिच्या बापानं जमीन गहाण टाकून पाठवलंय हो तिला, टंगस्टनसाठी नाही.”

माणूस कळायचा असेल तर इथे कळतो. सरांना ठाऊक आहे त्यातलं निम्म्याहून अधिक त्यांच्याच क्लासमध्ये सांगायची त्यांना सोय नाही. ते साठून राहतं. आणि मग संध्याकाळी बाहेर पडतं, ज्यांनी फी भरलेली नाही अशा माणसांवर.

चहावाला त्यातला पहिला. पी ऑर्बिटल फुगीर डंबेलसारखं असतं, दोन बाजूंना दोन फुगे, आणि मधल्या पातळीवर इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता शून्य. सरांनी गाडीच्या पत्र्यावर बोट ओलं करून ते काढलं आणि विचारलं, “मधी शून्य. मग हा गडी ह्या फुग्यातून त्या फुग्यात जातो कसा?” मोठमोठ्या क्लासांत हा प्रश्न विचारला की हुशार पोरं डोकं धरून बसतात. चहावाल्याने गाळणं झटकलं, पत्र्यावरचं चित्र फडक्याने पुसलं आणि म्हणाला, “जायचं कशाला? दोन्हीकडं एकदमच असंल की.”

सर जागीच थिजले. उत्तर बरोबर होतं. इलेक्ट्रॉन म्हणजे इकडून तिकडे पळणारी गोटी नव्हेच; त्या अवस्थेत तो दोन्ही फुग्यांत मिळून असतो. पुढे बरेच दिवस सर भेटेल त्याला सांगत होते की श्रोडिंजरचं समीकरण न सोडवता एका माणसाला ते कळलंय आणि तो इथे दहा रुपयांत चहा देतो. चहावाल्याने त्यांची उधारी मात्र माफ केली नाही.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे माजी विद्यार्थी, तेही स्वतःच्या लग्नात. सर आहेराचं पाकीट घेऊन स्टेजवर चढतात. मागे पाकीटवाल्यांची रांग दारापर्यंत. नवरा वाकून नमस्कार करतो आणि सरांना हुंड आठवतो. समान ऊर्जेची ऑर्बिटलं असतील तर इलेक्ट्रॉन आधी एकेकटे बसतात, सगळ्यांचे स्पिन एकाच दिशेला, आणि जोड्या नंतर लागतात: हा हुंडचा नियम. महाराष्ट्रातल्या यच्चयावत क्लासांत तो एसटीच्या सीटवरून शिकवतात. माणूस आधी रिकाम्या सीटवर बसतो, शेजार नंतर धरतो. सरांना हा दाखला अजिबात खपत नाही. “इलेक्ट्रॉन काय खिडकीतून रुमाल टाकायलाय का जागा धरायला? आणि बशीतली माणसं एका दिशेला तोंड करून बसतात ते सीटच तशी ठोकलेली म्हणून. इलेक्ट्रॉनला कोण ठोकलंय?” खरी गंमत त्यांच्या मते अशी की सारख्या स्पिनचे दोन इलेक्ट्रॉन पाउलीमुळे एकमेकांच्या फार जवळ येऊच शकत नाहीत, म्हणून त्यांच्यात ढकलाढकली कमी होते. ते एसटीत कुठून दाखवणार? एसटीत सगळेच जवळ येतात.

तर स्टेजवर सर नवऱ्याला सांगतात, “फ्रीडरिश हुंड. १८९६ चा जन्म. सगळ्या जगाला सांगितलं, जमेल तोवर एकेकटे राहा. आणि स्वतः? १९३१ ला लग्न केलं, बाई गणितात डॉक्टरेट, सहा लेकरं. एकशे एक वर्षं जगले!” नवरा हसतो, कारण त्याला सवय आहे. नवरीला यातलं काय घ्यावं ते कळत नाही. रांगेतून कोणीतरी खाकरतं. फोटोग्राफरने टिपलेल्या अशा कितीतरी फोटोंत सरांचं बोट वर आहे.

जर्मनांचा त्यांना फार लळा. १९२२ साली फ्रांकफुर्टमध्ये ओटो स्टर्न आणि वाल्टर गेरलाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत चुंबकातून सोडला, तो प्रयोग सर आमच्या न्हाव्याच्या दुकानात अर्धी दाढी झालेल्या अवस्थेत सांगतात. चांदीत सत्तेचाळीस इलेक्ट्रॉन. सेहेचाळीस एकमेकांना फिटवून टाकतात, उरतो ५-एसमधला एकटा. काचेवर चांदी जमली, पण दिसेना. मग स्टर्न काच हातात घेऊन बघायला लागला आणि हळूहळू काळी खूण उमटली. स्टर्न पुढे स्वतः सांगायचा की पगार कमी म्हणून तो स्वस्तातले सिगार ओढायचा, त्यांत गंधक जास्त, श्वासातलं गंधक चांदीला लागलं आणि ती काळी पडली. झोताचे चक्क दोन भाग झाले होते. स्पिनची कल्पना अजून जन्मली नव्हती. ती लायडनच्या ऊलेनबेक आणि गाउडस्मिट या दोन पोरांनी १९२५ ला मांडली आणि मग त्या दोन भागांचा खरा अर्थ लागला. “चांगला पगार असता तर काय दिसलं असतं?” सर आरशातून विचारतात. न्हावी म्हणतो, “मान खाली.”

पण सरांचं खरं दैवत पाउली. वोल्फगांग पाउली, १९०० साली व्हिएन्नात जन्मलेला, पंचविशीत तो नियम मांडला आणि त्यावर १९४५ चं नोबेल. जिभेचा इतका तिखट की स्पिनची कल्पना आधी ज्याला सुचली होती त्या क्रोनिग नावाच्या वीस वर्षांच्या पोराला त्याने असं काही झापलं की पोराने ती छापलीच नाही. सरांना पाउलीचं हे आवडत नाही. हे सांगताना ते आवाज उतरवतात. त्यांना आवडतं ते दुसरंच: पाउली प्रयोगशाळेत पाऊल टाकायचा आणि उपकरण मोडायचं. भौतिकवाल्यांनी त्याला ‘पाउली इफेक्ट’ असं नावच दिलं होतं. हॅम्बुर्गमध्ये त्याच सिगारवाल्या स्टर्नने त्याला आपल्या प्रयोगशाळेत यायला बंदी केली होती. गटिंगेनला एकदा फ्रांक नावाच्या भौतिकवाल्याच्या प्रयोगशाळेत काहीतरी फुटलं तेव्हा पाउली गावातही नव्हता. चौकशी केली तर म्हणे त्याच वेळी त्याची गाडी गटिंगेनच्या स्टेशनात उभी होती.

ह्या गोष्टीचा सरांना आधार वाटतो, कारण त्यांच्या हातातही तो गुण आहे. क्लासमध्ये स्मार्ट बोर्ड बसवला. मॅडमनी, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवतींनी, फीच्या काउंटरवर बसून जमवलेल्या पैशातून. बसवणारा पोरगा सगळं चालवून दाखवायचा, डी ऑर्बिटलं रंगीत, गोल फिरणारी. सरांनी पेन लावला की पडदा निळा. पोराने चालू करावा, सरांनी बंद पाडावा, असं दुपारभर चाललं. मॅडम बिल हातात घेऊन उभ्या. सर एवढंच म्हणाले, “पाउली इफेक्ट.” मॅडम म्हणाल्या, “मग त्या पाउलीला सांगा हप्ते भरायला.” आता बोर्डावर पडदा आहे आणि त्याच्या शेजारी जुना फळा. सर खडूने डी ऑर्बिटलं काढतात. पाचांतली चार चौपाकळी, आणि पाचवं कमरेला वळं घातलेलं. मी ती खिडकीतून पाहिली आहेत. त्या वळ्याची जाडी चहूकडून सारखी यावी म्हणून सर खडू आडवा धरतात, जीभ दातात पकडतात आणि श्वास रोखतात. त्या मिनिटाचे मार्क कुणी मोजत नाही. सरही नाही.

पाडव्याला मॅडमनी पाटल्या करायला टाकल्या, तेव्हा सराफाकडे मलाही नेलं होतं, हिशेबाला. माझं कॉमर्स तेवढ्याच कामाचं. सराफाने पाटली काट्यावर ठेवली आणि सर सुरू झाले. सोनं पिवळं का? चांदी पांढरी, तांब्याचा रंग निराळा, सगळे एकाच उभ्या रांगेतले, मग हेच पिवळं का? तर एकोणऐंशी प्रोटॉन, तीच सापेक्षता, ६-एस खाली ओढलं गेलं, ५-डी थोडं वर सरकलं, दोघांतलं अंतर कमी झालं, आणि सोनं निळा प्रकाश शोषायला लागलं. निळा गेला की उरतं ते पिवळं. “म्हणजे बघा, तुमचा सगळा धंदा आइन्स्टाइनवर चाललाय!”

सराफ पिढीजात माणूस. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, पाटली कापसात गुंडाळली, कॅल्क्युलेटर पुढे ओढला आणि म्हणाला, “रंग आइन्स्टाइनचा असू द्या सर. घडणावळ आमची.”

मॅडम हसल्या. सरही हसले, पण घरी येईपर्यंत ते पाऱ्यावर बोलत होते. तो द्रवरूप का, हेही त्याच घराण्यातलं प्रकरण आहे. मॅडम रिक्षात पुढे बसल्या.

लोक मला विचारतात, तुम्ही शेजारी, तुम्हाला माहीत असेल, लेकराला ह्या क्लासला घालावं का? गंगाखेडची ती मुलगी आता मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, एवढं मी सांगू शकतो. ती सुट्टीत येते तेव्हा क्लासकडे न जाता थेट चहाच्या गाडीवर जाते, कारण सर तिला तिथेच सापडतात, आणि आता तिला काही विचारायला बंदी नाही.

तेव्हा बेलाशक घाला. मार्कांची काळजी सर करतील. पण फी भरायला जाल तेव्हा दोन तास मोकळे ठेवून जा. हातात सोन्याची अंगठी असेल तर तीन.